सातवीचं बक्षीसपत्र



मार्च संपत आला की आपल्या शाळांमध्ये निरोप समारंभाची गडबड सुरू होते. गुलाबाची फुलं येतात, पेढे येतात, सातवीची मुलं वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ देतात. आणि मग भाषणं. "आज निरोप घेताना अंतःकरण जड झाले आहे", "या शाळेने आम्हाला घडवले", "आमच्या हातून काही चुकले असल्यास क्षमा करावी". अकरा मुलं बोलतात आणि अकराही भाषणं सारखीच असतात. मुलांचा दोष नाही. मोठा भाऊ जे बोलला तेच धाकटा पाठ करतो. पण त्या भाषणांमधून शाळेचं नाव काढलं तर ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत चालतील. आपलं खोडकर, बडबडं लेकरू त्या भाषणात कुठंच सापडत नाही.

म्हणून आज तुम्हाला निरोपाच्या एका वेगळ्याच लेखनप्रकाराबद्दल सांगणार आहे. आमच्या शाळेत आम्ही तो करून बघितला, तेही सांगते.

अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये एक जुनी गंमत आहे. शेवटच्या वर्षाची मुलं शाळा सोडताना चक्क मृत्युपत्र लिहितात. खरंखुरं नाही, विनोदी. "मी अमुक तमुक, मनाने आणि शरीराने धडधाकट असून, माझी पुढील मालमत्ता खालच्या वर्गाला देत आहे" अशी सुरुवात करायची आणि मग मालमत्ता मोजायची. कुणी गाडी लावायची आपली ठरलेली जागा देतो, कारण तिकडं बहुतेक ठिकाणी सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते. कुणी जेवणाच्या हॉलमधलं कोपऱ्यातलं टेबल देतो. कुणी उशिरा येऊनही न सापडण्याची कला देतो. वर्षाच्या शेवटी शाळेच्या वार्तापत्रात किंवा वार्षिकांकात हे छापून येतं. शंभर वर्षांपूर्वीच्या वार्षिकांकांतही वर्गाचा इतिहास, वर्गाचं भविष्य आणि त्यांच्या शेजारी वर्गाचं मृत्युपत्र असा थाट असायचा.

पण ही कल्पना अमेरिकेचीच असं समजू नका. चौथ्या शतकाच्या सुमाराची एक लॅटिन रचना आहे, 'टेस्टामेंटम पोर्सेली', म्हणजे डुकराचं मृत्युपत्र. आचारी सुरी घेऊन येतो तेव्हा डुक्कर एक तासाची मुदत मागतं आणि वाटणी करतं. केस चांभारांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना आणि बडबड्यांना, मूत्राशय मुलांना. त्या काळात संत जेरोम नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. त्यांनी लिहून ठेवलं आहे की शाळेतली पोरं हे मृत्युपत्र म्हणत खिदळत असतात. म्हणजे बघा, सोळाशे वर्षांपूर्वीच्या वर्गातही मुलांना हाच विनोद आवडत होता.

का आवडत असेल? मला वाटतं, आजोबांचा फेटा घालून नातू अंगणात फिरतो ना, तसंच हे आहे. मृत्युपत्र हा मोठ्या माणसांचा सगळ्यात गंभीर कागद. तो गंभीर वेष चढवायचा आणि आत आपला चिंचोका ठेवायचा. हसू त्या दोन्हीच्या मधल्या अंतरातून येतं.

आता आमची शाळा. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली, पहिली ते सातवी, जिल्हा परिषदेची. सातवीत अकरा मुलं, सहावीत नऊ. आठवीला सगळ्यांना शेजारच्या मोठ्या गावी जावं लागतं.

पहिली अडचण शब्दाची होती. खेड्यात लेकरांच्या तोंडी 'मृत्युपत्र' आलं असतं तर घरोघरच्या आज्यांनी मला शाळेत येऊन सुनावलं असतं. मुलांनीच त्यावर तोड काढली. आमच्या मुलांना परीकथेतल्या राजाराणीपेक्षा सातबारा जास्त ओळखीचा आहे. बांध, हिस्सा, मोजणी, तलाठी हे शब्द त्यांनी जेवताना ऐकलेले असतात. एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या आज्यानं आत्याला बक्षीसपत्र करून दिलंय. आज्या अजून जित्ताय." झालं! बक्षीसपत्र. जिवंत माणसानं राजीखुशीनं, मोबदला न घेता दिलेली वस्तू. निरोपाला याच्याइतका चपखल शब्द नाही.

मग आम्ही जुन्या कागदांची भाषा बघितली. नाव, गट नंबर झाकून एका बक्षीसपत्राची झेरॉक्स वर्गात वाचली आणि फळ्यावर शब्द काढले. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, वंशपरंपरागत, ताबा, हरकत, साक्षीदार. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे आलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, अक्कलहुशारीनं असंच लिहायचं का खरं लिहायचं?"

थोडा कायदाही सांगितला. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५९ प्रमाणे मृत्युपत्र करणारा माणूस सज्ञान असावा लागतो. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणतात. यावर वर्ग जाम चिडला. "सात वर्षं शिकून आम्ही अज्ञान?" बक्षीसपत्राचंही तेच, अज्ञान मुलाचं बक्षीसपत्रही कायद्यात टिकत नाही. पण एक फरक महत्त्वाचा आहे, तो लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. मृत्युपत्र करताना घेणाऱ्याला विचारावं लागत नाही. बक्षीसपत्राला मात्र घेणाऱ्यानं हो म्हणावं लागतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ मध्ये तसं आहे. देणारा हयात असतानाच घेणाऱ्यानं स्वीकार करायचा, तरच ते बक्षीस.

लिहिण्याआधी तीन नियम ठरवले. पहिला, शाळेची वस्तू देता येणार नाही, ती वापरायचा मान किंवा युक्ती देता येईल. दुसरा, विनोद स्वतःवर करायचा. दुसऱ्याचं टोपणनाव, रंग, जात, घरची परिस्थिती यांतलं काहीही कागदावर येणार नाही. तिसरा, सहावीतल्या प्रत्येकाला निदान एक तरी वाटणी मिळालीच पाहिजे, कुणी रिकाम्या हातानं राहायचं नाही. दुसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेतही काही मुलांनी या निमित्तानं एकमेकांचे हिशेब चुकते केले आणि काही शाळांना ही प्रथा बंद करावी लागली. म्हणून छापण्याआधी शिक्षकांनी वाचायचं, हे तिकडंही असतं.

आता वाटण्या वाचा. नावं देत नाही, हजेरी क्रमांक देते. मुलांनीही तसंच लिहिलं होतं.

हजेरी क्रमांक ४ : "मी माझी शेवटच्या बाकावरची जागा सहावीच्या क्रमांक ७ ला बक्षीस देत आहे. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस खिडकी, तीतून एसटी दिसते. पश्चिमेस कचऱ्याचा डबा. दक्षिणेस भिंत, टेकायला बरी. उत्तरेस उंच मुलगी, तिच्याआड मॅडमना आपण दिसत नाही."

उंच मुलगी म्हणजे हजेरी क्रमांक ९. तिची वाटणी : "माझ्याकडे उंची गरजेपेक्षा जास्त आहे. त्यातील दोन इंच सहावीच्या क्रमांक १ ला देत आहे. त्याने फळ्याचा वरचा कोपरा पुसावा. तिथे दिवाळीच्या आधीची तारीख अजून आहे."

हजेरी क्रमांक २ : "माझा १७ चा पाढा सहावीच्या क्रमांक ५ ला. सतरा सकपर्यंत वापरलेला आहे. पुढचा भाग नवाकोरा आहे, आजपर्यंत हात लावलेला नाही."

हजेरी क्रमांक १ : "पोषण आहाराच्या रांगेत कितवं उभं राहिलं म्हणजे खिचडीची खरवड मिळते, हे गुपित सहावीच्या क्रमांक ४ ला. कागदावर लिहीत नाही, कानात सांगीन."

हजेरी क्रमांक ११ : "रुळाच्या तुकड्यावर घंटा वाजवण्याचा मान. मधल्या सुट्टीची घंटा एक मिनिट अगोदर आणि सुट्टी संपल्याची दोन मिनिटं उशिरा, हा वहिवाटीचा हक्क त्यासोबत आपोआप जाईल."

हे शेवटचं वाचून आमचे मुख्याध्यापक सर घड्याळाकडं बघत राहिले. नंतर हसले, पण घंटेची वेळ त्यांनी दुसऱ्या दिवसापासून स्वतः तपासायला सुरुवात केली.

इथपर्यंत तुम्हालाही वाटेल की चांगला उपक्रम आहे, व्यावहारिक लेखनाचा सराव होतो, मुलं हसतात. मलाही तेवढंच हवं होतं. पण दोन कागद निराळे निघाले. भाषा तीच, खोडी तीच, आत मात्र दुसरंच काही होतं.

एक हजेरी क्रमांक ८ चा. हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. त्यानं लिहिलं होतं, "टाकीखालचा कॉक मी सहावीच्या क्रमांक २ ला देत आहे. तो पूर्ण फिरवला तरी गळतो. त्याला सुतळीचे तीन वेढे देऊन दगड अडकवावा लागतो. दगड टाकीच्या मागे आहे, तोही बक्षीस. हे काम शनिवारी शाळा सुटल्यावर करायचे. न केल्यास सोमवारी टाकीत फक्त पाली राहतील."

आमच्याकडं टाकीत पाणी नसणं म्हणजे काय, ते दुष्काळी भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. स्वच्छतागृहाला पाणी नसलं की सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात, आणि गेलेल्या सगळ्याच परत येतात असं नाही. आमच्या शाळेत सोमवारी टाकी भरलेली असायची. ती एका पोराच्या सुतळीवर भरलेली राहत होती, हे त्या कागदानं सांगितलं. प्लंबर बोलावून कॉक बदलला. दगड मात्र मुलांनी टाकू दिला नाही, "तो बक्षीस दिलेला आहे" म्हणाली.

दुसरा कागद हजेरी क्रमांक ६ चा. या मुलीची वाटणी जशीच्या तशी देते.

"माझ्या ताब्यात पहिलीतील एक मालमत्ता आहे. ती स्थावर आहे, कारण सकाळी अंथरुणातून हलत नाही. तिला उठवणे, तोंड धुणे, वेणी घालणे व शाळेत आणणे ही कामे मी करते. वेणी एकच घालावी, दोनला वेळ पुरत नाही. ओढ्याला पाणी असेल तेव्हा मालमत्ता उचलून आणावी. वजन बेताचे आहे, बडबड जास्त आहे. ही मालमत्ता मी सहावीच्या क्रमांक ३ ला राजीखुशीने देत आहे. तिने वंशपरंपरा सांभाळावी."

वर्ग हसला. पहिलीतली ती पोरगी सगळ्यांना माहीत आहे, खरंच बडबडी आहे. मी मात्र हजेरीपट उघडला. त्या लेकराच्या नावापुढं वर्षभर हजेरी भरलेली होती. तिची आई उजाडायच्या आत रोजानं कामावर जाते. वस्ती ओढ्याच्या पलीकडं. घरी म्हातारी आजी, तिला दिसत नाही. अशा घरातलं सहा वर्षांचं पोर रोज वेळेवर, वेणी घालून शाळेत येत होतं. पहिलीच्या वर्गाची शंभर टक्के उपस्थिती म्हणून केंद्रप्रमुखांनी कौतुकही केलं होतं. त्या टक्क्यांमागं बारा वर्षांची ही मुलगी होती आणि ती जूनमध्ये आठवीला दुसऱ्या गावी जाणार होती.

आता तो कायद्यातला फरक आठवा. बक्षीसपत्राला घेणाऱ्यानं हो म्हणावं लागतं.

सहावीची क्रमांक ३ लगेच हो म्हणाली नाही. बाकीच्यांनी खरवड, पाढा, बाक हसत हसत स्वीकारले, 'लिहून घेणार' खाली सह्या ठोकल्या. हिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मला विचार करायचाय." तिचं घर वाटेवरच आहे, पण ओढ्याच्या अलीकडं. म्हणजे रोज अर्धा तास आधी निघायचं, ओढा ओलांडायचा, परत यायचं. शिवाय परिपाठाची मांडणी तिच्याकडं होती, त्यासाठी लवकर यावं लागतं. दोन्ही कसं जमणार?

मी मध्ये पडले नाही. आपण मध्ये पडलो असतो तर ते बक्षीस राहिलं नसतं, नेमणूक झाली असती. दोन दिवस त्या दोघींची मधल्या सुट्टीत बोलणी चालू होती. तिसऱ्या दिवशी ती अटी घेऊन आली. एक, परिपाठाची मांडणी सहावीच्या क्रमांक ७ नं करावी, त्याला नुसता बाक फुकट मिळालाय. दोन, आठवड्यातून एक दिवस तिला सुट्टी, त्या दिवशी क्रमांक ५ जाईल. तीन, निरोपाआधी देणाऱ्या मुलीनं आठ दिवस सोबत येऊन दाखवावं, "ताबा देतात तसा". आणि चार, वेणी दोन घालणार, कारण एक वेणी तिला चांगली दिसत नाही.

चारही अटी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिल्या आणि मग तिनं सही केली. साक्षीदार म्हणून पहिलीतल्या मालमत्तेनं स्वतःचं नाव लिहिलं. त्यात एक काना जास्त पडला, तो तसाच ठेवला.

आठ दिवस त्या तिघी मिळून आल्या. निरोप समारंभात सातवीनं भाषणं केलीच नाहीत, बक्षीसपत्रं वाचली. पालक पोट धरून हसले. ओढ्यापलीकडची ती आई त्या दिवशी रोज बुडवून आली होती. मुलीची वाटणी वाचली गेली तेव्हा ती हसली नाही, पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. कार्यक्रम संपल्यावर तिनं हजेरी क्रमांक ६ ला जवळ घेतलं आणि नव्या मुलीला फक्त एवढंच विचारलं, "तुला सकाळी च्या लागतो का गं?"

१५ जूनला शाळा उघडली. पावसाचा पत्ता नव्हता, ओढा कोरडाच होता. घंटा व्हायच्या आधी दोघी फाटकातून आत आल्या. मागची मालमत्ता आता दुसरीत गेली होती आणि तिच्या दोन वेण्या होत्या.

आपण शाळेत मंत्रिमंडळ नेमतो. आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री, त्यांचे फलक रंगवतो. तेही हवंच. पण मुलं आपणहून जे काम उचलतात ते फलकावर नसतं. ते काम ती मिरवत नाहीत आणि आपण सरळ विचारलं तर सांगतही नाहीत. "तू शाळेसाठी काय केलंस?" या प्रश्नाला मुलं भाषणातलं वाक्य देतात. "तुझ्यामागं कोण काय सांभाळेल?" असं हसत विचारलं तर त्यांना टाकीचा कॉक आठवतो. स्वतःची स्तुती करायला मुलांना लाज वाटते, थट्टेच्या आडून मात्र ती खरं सांगतात. मला या उपक्रमातून मिळालेली गोष्ट हीच.

तुम्हाला करायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. निरोपाच्या दिवशी करू नका, निदान तीन आठवडे आधी करा. काही वाटण्यांना ताबा द्यायला दिवस लागतात. तीन तासिका पुरतात, एक जुन्या कागदाच्या भाषेला, एक लिहायला, एक स्वीकाराला. मुलांना आधी विनोदी वाटण्या लिहू द्या, "गंभीर लिहा" असं सांगू नका. सांगितलंत तर पुन्हा अंतःकरण जड होईल. सगळे कागद आधी स्वतः वाचा आणि घरची गोष्ट उघडी पडत असेल तर त्या मुलाला आणि घरच्यांना विचारूनच मोठ्यानं वाचा. आम्ही त्या आईला आधी विचारलं होतं. आणि एखाद्या वाटणीत मोठ्यांनी करायचं काम दिसलं, कॉकसारखं, तर ते पोरांच्या गळ्यात राहू देऊ नका, आपण करून टाका.

कागद फाईलला लावून ठेवा. यंदा आमच्या सातवीनं फाईल मागून घेतली आणि मिळालेल्या वाटण्या तपासल्या. खरवडीचं गुपित चालू आहे. १७ चा पाढा सतरा नव्वेपर्यंत वापरून झाला आहे. फळ्याचा वरचा कोपरा अजून पुसायचा आहे, क्रमांक १ ची उंची दोन इंचांनी वाढली, पण लागतात चार.